नाझमियेने भाषांतर केलेलं वाक्य

"तुम्हाला गप्प बसण्याचा हक्क आहे. स्वतःवर दोष येईल असं काही बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. जबानीच्या आधी वकिलाशी एकांतात बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे."

पोलीस हे डचमध्ये म्हणायचा आणि नाझमिये तेच तुर्कीत किंवा बल्गेरियनमध्ये म्हणायची. समोर बसलेला माणूस पोलिसाकडे बघतच नसे. तो तिच्याकडे बघे. तिच्या डोक्यावरचा रुमाल, तिचे हात, तिचा आपल्या गावाकडचा हेल. मग जरा पुढे वाकून तो हळूच विचारी, "ताई, मग मी काय करू?"

याचं उत्तर द्यायची तिला मुभा नव्हती. दुभाषी म्हणून तिने कोर्टात शपथ घेतलेली होती. जे बोललं जाईल ते, तेवढंच आणि तसंच सांगायचं. म्हणून ती पोलिसाकडे वळून म्हणे, "हे विचारतायत, मी काय करू." पोलीस म्हणे, "त्यांचं त्यांनी ठरवायचं." मग हेही ती इमानाने तुर्कीत सांगे. माणूस खट्टू होऊन मागे टेके. बाई आपली, बोली आपली, आणि बोलते मात्र भिंतीसारखी.

नाझमियेचा जन्म बल्गेरियातल्या रझग्रादजवळच्या एका तुर्की गावातला. घरची तंबाखूची शेती. ती चौदा वर्षांची असताना ऐन हिवाळ्यात पोलिसांनी गावाला वेढा घातला. तुर्की नावं आता चालणार नव्हती, सगळ्यांनी बल्गेरियन नावं घ्यायची होती. बाप चावडीवर जाऊन आला आणि टोपी न काढताच चुलीपाशी बसला.

"आजपासून तू नादेझ्दा," तो म्हणाला.

"म्हणजे काय, बाबा?"

"आशा."

आई हसली. तसं हसताना नाझमियेने तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. बापाने पोरांना जवळ बसवून तेव्हाच काय ते शहाणपण सांगून टाकलं. "पोलिसापुढे तोंड शिवून बसायचं नाही. विचारील ते सांगायचं, दाखवील तिथे सही करायची आणि घरी यायचं. शेजारचा इस्माईल गप्प बसला. कुठाय इस्माईल?" इस्माईलला छावणीत नेलं होतं. तो परत आला तेव्हा त्याचे दात गेलेले होते.

ती कम्युनिस्ट राजवट पुढे कोसळली आणि नावं परत मिळाली. पण बापाचं शहाणपण एकट्या नाझमियेच्या घरातलं नव्हतं. त्या भागातल्या घराघरात पोरं तेच ऐकत वाढली आणि मोठी झाल्यावर कामासाठी युरोपभर पांगली. कोणी जर्मनीत कत्तलखान्यात लागलं, कोणी स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला गेलं. बेल्जियममधल्या एका जुन्या गिरणगावात तर एक आख्खी गल्लीच त्यांची झाली. नवरा वारल्यावर नाझमियेही तिथेच आली. आधी कचेऱ्यांच्या फरश्या पुसल्या. फरशी पुसता पुसता डच शिकली, मग वर्गाला जाऊन नीट शिकली, परीक्षा दिली, शपथ घेतली. गल्लीला तिचा मोठा अभिमान वाटला. पण ती पोलीस चौकीत जाऊन बसते म्हटल्यावर लोक तिच्यासमोर जरा जपूनही बोलू लागले.

गल्लीच्या तोंडाशी वेझीरचं चहाचं दुकान होतं. रविवारी पुरुष तिथे सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचे आणि देशोदेशीच्या पोलिसांची उणीदुणी काढायचे.

"जर्मनीतला पोलीस बरा," एक जण म्हणे. "नाव सांग, जन्मतारीख सांग, पत्ता सांग. पुढचं नाही सांगितलं तरी मारत नाही."

"मारत नाही, पण असा बघतो की मार परवडला."

"फ्रान्समध्ये आत घेतलं की वकील मागायचा. येतो बिचारा."

"येतो आणि झोपतो. माझा तर घोरत होता!"

"आपल्याकडे वकील लागत नाही. आपल्याकडे मामा लागतो, पोलिसात असलेला."

मग कोणीतरी दारातून जाणाऱ्या नाझमियेला हाक मारी. "ताई, तुम्ही सांगा, कुठल्या देशात काय बोलायचं?"

ती उभ्या उभ्या सांगे. दुकानात तिने शपथ घेतलेली नव्हती. "देश कुठलाही असो, आता युरोपात हे सगळीकडे आहे. तुमच्या भाषेत दुभाषी मिळतो, फुकट. वकील मिळतो. कशासाठी पकडलंय ते पोलिसाने सांगायलाच हवं. नाव-गाव खरं सांगा. बाकीचं वकील आल्याशिवाय नाही. आणि वाचून दाखवलेलं पटलं नाही तर सही करायची नाही. बदला म्हणायचं."

"आणि बदललं नाही तर?"

"तर सही नाही."

"आणि सही नाही केली तर घरी कोण सोडणार? तुमची शपथ?"

सगळे हसत. वेझीर तर तिला बसची आठवण करून द्यायला टपलेलाच असे. झालं असं होतं, की सुट्टीत गावी जाताना वाटेतल्या एका देशात पोलिसांनी बस थांबवून नेमके रुमालवाल्या बायकांचेच पासपोर्ट तपासायला घेतले होते. बाकीच्या बायका मुकाट बॅगा उघडत राहिल्या. नाझमियेने विचारलं, "कुठल्या कारणाने? मला लिहून द्या." पोलिसाने अगदी अदबीने तिला खाली उतरवलं, खोलीत खुर्ची दिली, कारणाचा कागद बनवला, शिक्का मारला. ती बाहेर आली तेव्हा बस निघून गेली होती, तिच्या बॅगेसकट.

"हक्क मिळाला, बस गेली!" वेझीर म्हणे आणि चहा पुढे करी. "घ्या ताई, हा आमच्याकडून. याला कागद लागत नाही."

तीही हसत असे. तोवर हसण्यासारखंच होतं ते.

हिल्मी त्याच दुकानात कोपऱ्यात बसणारा. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्याचा, मितभाषी. जुन्या इमारती पाडायच्या कामावर होता. त्याची बायको फिक्रिये शाळेत स्वयंपाक करायची. फिक्रियेचा धाकटा भाऊ जेवदेत गावी बेकार बसला होता. सासूने टुमणं लावलं म्हणून हिल्मीने त्याला बोलावून घेतलं आणि आपल्याच कामावर लावलं. "माझ्या डोळ्यासमोर राहील," त्याने सासूला फोनवर सांगितलं होतं.

त्या वर्षी वसंतात एका बंद गिरणीची इमारत पाडत असताना आतली एक भिंत कोसळली आणि जेवदेत तिच्याखाली सापडला. भिंतीला दिलेले टेकू त्या सकाळी काढले होते. हिल्मीनेच काढले होते. मुकादम म्हणाला होता, यंत्र आत यायला जागा हवी, हे दोन टेकू काढ, तासाभराने परत लावू. हिल्मी म्हणाला होता, भिंत ओली आहे. मुकादम म्हणाला होता, तुला इंजिनियर कधी केला?

हे ऐकायला त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

दुपारी हिल्मीला चौकीत आणलं आणि दुभाषी म्हणून नाझमियेला फोन आला. आत कोण बसलंय हे तिला ठाऊक नव्हतं. दार उघडलं तर हिल्मी. अंगावर अजून चुन्याची धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. रडलेला नव्हता. तिने वाउटर नावाच्या त्या अंमलदाराला लगेच सांगितलं, "हे माझ्या ओळखीचे आहेत."

"नातेवाईक?"

"नाही. गल्लीतले."

"तुमच्या गल्लीतला नाही असा दुभाषी मी आणू कुठून?" वाउटर म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने हिल्मीला पाणी दिलं, कॉफी दिली. मग हक्क वाचून दाखवले आणि नाझमियेने ते तुर्कीत सांगितले. त्या दिवशी तिने ते फार सावकाश सांगितले. 'वकील' हा शब्द म्हणताना ती थांबली, त्याच्या डोळ्यात पाहिलं.

"वकील कशाला?" हिल्मी म्हणाला. "वकील लागतो चोराला. माझा मेहुणा मेलाय, ताई."

तिने ते डचमध्ये सांगितलं. वाउटरने टंकलं: वकील नको म्हणतो.

टेकू कोणी काढले? मी काढले. का काढले? इथे हिल्मीने पाण्याचा पेला बाजूला सारला. मुकादमाने कामावरच, रुग्णवाहिका निघता निघता, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं होतं की माझं नाव मध्ये आणू नकोस, तुझ्या नोकरीचं मी बघतो, पोराच्या आईला कंपनीकडून मिळवून देतो. हे तेव्हा नाझमियेला ठाऊक नव्हतं. हिल्मी म्हणाला, "यंत्राला जागा हवी होती."

"भिंत पडेल असं वाटलं नाही?"

तेव्हा हिल्मीचा बांध फुटला. दोन्ही हातांनी त्याने आपली मान धरली. "मीच आणलं त्याला. त्याच्या आईला मी शब्द दिला होता. त्याचं पाप माझ्या माथी, ताई, त्याचं पाप माझ्याच माथी!"

त्यांच्या गावांकडे मयताच्या घरी हे वाक्य दहा तोंडांनी ऐकू येतं. म्हातारी आजारपणाने गेली तरी सून म्हणते, पाप माझ्या माथी, मी आदल्या दिवशी तिला सूप दिलं नाही. त्या बोलण्याने कोणी गुन्हेगार होत नाही. उलट, जो ते म्हणत नाही त्याच्याकडे लोक वाकडं बघतात.

नाझमियेने वाक्य जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं. मग शपथेच्या बाहेर एक पाऊल टाकून म्हणाली, "साहेब, हे दुःखात म्हणायची रीत आहे आमच्याकडे. याचा अर्थ गुन्हा कबूल केला असा होत नाही."

वाउटरने बोटं थांबवली. "बाई, त्याने जे म्हटलं ते सांगितलंत ना?"

"हो."

"मग अर्थ कोर्ट लावेल. तुम्ही शब्द सांगा."

पडद्यावर उमटलं: टेकू मी काढले. दोष माझा आहे.

जबानी वाचून दाखवायची वेळ आली. नाझमियेने ते वाक्य दोनदा वाचलं. "दोष माझा आहे, असं लिहिलंय," ती म्हणाली. "बदलायचं असेल तर सांगता येतं, तो तुमचा हक्क आहे." ते 'हक्क आहे' वाउटरने म्हटलेलं नव्हतं. तिने स्वतःचं घातलं होतं.

हिल्मी खिडकीबाहेर बघत होता. "लिहू द्या काय लिहायचं ते. त्याने जेवदेत उठून येणार आहे का? कुठे सही करू? फिक्रियेला अजून कोणी सांगितलं नाहीये. मला घरी जाऊ द्या."

त्याने सही केली. खाली दुभाष्याच्या सहीची जागा होती. नाझमियेने पेन हातात धरून ठेवलं. सही नाकारता येते हे इतरांना सांगताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. वाउटर म्हणाला, "बाई?" तिने सही केली.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. मधल्या काळात हिल्मीला कामावरून काढलं आणि मुकादमाने त्याचा फोन उचलायचं सोडून दिलं. तेव्हा कुठे हिल्मीने तोंड उघडलं. लीस्बेथ नावाची तरुण वकीलबाई त्याला सरकारकडून मिळाली. तिने जबानी वाचली आणि कपाळावर हात मारला. मुकादमाचा हुकूम जबानीत कुठेच नव्हता. भिंत ओली होती हेही नव्हतं. होतं ते एकच वाक्य.

लीस्बेथने नाझमियेला साक्षीला बोलावलं. नाझमिये कोर्टात उभी राहून म्हणाली की ते वाक्य शोकाचं होतं, आपण तसं तेव्हाच सांगितलं होतं. सरकारी वकिलाने शांतपणे विचारलं, "हे जबानीत कुठे आहे?"

"लिहिलं नाही."

"लिहिलेलं बरोबर आहे म्हणून खाली सही कोणाची?"

"माझी."

"तुम्ही आणि आरोपी एकाच गल्लीत राहता?"

"हो."

"धन्यवाद."

मुकादम म्हणाला, मी असा हुकूम दिलाच नाही, आणि दिला असता तर या गृहस्थाने पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं का? हिल्मीकडे याचं जे उत्तर होतं ते सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. त्याला शिक्षा झाली. तुरुंगात जावं लागलं नाही, शिक्षा स्थगित ठेवली. कंपनी सुटली, मुकादम सुटला.

बाहेर लीस्बेथ म्हणाली, "यातून बरंच वाचलो आपण." हिल्मीने नाझमियेला विचारलं, "काय म्हणते?" नाझमियेने भाषांतर केलं नाही.

वाचलो कसले? निकालाचा कागद गावी पोहोचला. तिथे एका शिकलेल्या पुतण्याने तो सासूला वाचून दाखवला: यानेच कबूल केलं, दोष माझा आहे. जन्मभर 'पाप माझ्या माथी' म्हणत आलेल्या त्या बाईला डचमधून बल्गेरियनमध्ये आलेलं ते वाक्य ओळखूच आलं नाही. तिने लेकीला फोन करून सांगितलं, माझ्या पोराला मारणाऱ्याच्या घरात तू राहणार असशील तर मला आई म्हणू नकोस.

फिक्रिये नाझमियेकडे आली. बसली नाही. "तू खोलीत होतीस. तो म्हणाला की नाही?"

"म्हणाला. पण तो कसं म्हणाला ते तुला कळायला हवं, फिक्रिये. आपण म्हणतो तसं, रडताना—"

"मग तू काय सांगितलंस त्यांना?"

"तो म्हणाला तेच."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी ते लिहिलं."

"म्हणजे तो खरं बोलला, तू खरं सांगितलंस, त्यांनी खरं लिहिलं." फिक्रिये दाराशीच उभी होती. "मग माझ्या भावाला मारलं कोणी? सांग की. तुला तर सगळे कायदे येतात."

नाझमिये तिचा हात धरायला पुढे झाली. फिक्रियेने तो झटकला आणि जिना उतरून गेली. महिनाभरात ती आईकडे गावी निघून गेली. हिल्मी जर्मनीत एका कत्तलखान्यात लागला असं ऐकू आलं. जाताना तो नाझमियेला भेटला नाही. वेझीरच्या दुकानातली त्याची कोपऱ्यातली खुर्ची कोणीतरी दुसऱ्याच दिवशी दाराशी ओढून नेली.

नाझमियेला चौकीचे फोन पुढेही येत राहिले, पण कमी. एकदा दुसऱ्या ठाण्यात एका मुलीसाठी बोलावलं. सेवील नाव, विशीतली, हॉटेलात खोल्या साफ करणारी. पाहुण्याचं घड्याळ हरवलं होतं. हक्क वाचून झाले. मुलीने जरा पुढे वाकून विचारलं, "ताई, मग मी काय करू?"

नाझमियेने पोलिसाकडे तोंड वळवलं नाही. ती तुर्कीत म्हणाली, "गप्प बस, पोरी. वकील माग. एक शब्द बोलू नकोस."

मुलगी दचकली. मग तिचा चेहरा लाल झाला. "मी का गप्प बसू? मी चोर आहे का? गप्प बसले तर हे काय समजतील?" आणि नाझमियेकडे बोट दाखवून ती मोडक्यातोडक्या डचमध्ये पोलिसाला म्हणाली, "ही बाई म्हणते बोलू नको. मी बोलते. मी चांगली मुलगी."

पोलिसाने दुसरा दुभाषी मागवला. सेवील त्या दुपारी खूप बोलली. शेजारच्या खोल्यांत कोण कधी गेलं, चावी कोणाकडे होती, ती खोलीत एकटी किती वेळ होती, सगळं सांगितलं. त्यातलंच काही पुढे तिच्या अंगाशी आलं.

नाझमियेचं नाव दुभाष्यांतून काढलं, आणि वर शपथ मोडल्याची चौकशी लागली. तिला चौकीत बोलावलं तेव्हा योगायोगाने समोर वाउटरच होता. तो ओशाळला होता. "बाई, तुम्हाला हे सगळं पाठ आहे," तो म्हणाला. तरी त्याने नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. तुम्हाला गप्प बसण्याचा हक्क आहे. वकिलाचा हक्क आहे. मग विचारलं, "दुभाषी हवा का?"

"हवा," नाझमिये म्हणाली.

"तुमचं डच माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"तरी हवा. तुर्कीचा. तो माझा हक्क आहे. आणि वकीलही."

तुर्की दुभाषी दुसऱ्या शहरातून यायचा होता. तो येईपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहिली. वाउटरने एकदा कॉफी विचारली, तिने मान हलवली. शेवटी वकील आला, दुभाषी आला, प्रश्न सुरू झाले. एकाही प्रश्नाला तिने उत्तर दिलं नाही. पुढ्यात आलेल्या कागदावर सही केली नाही.

प्रकरण पुढे बारगळलं. उत्तर नाही, सही नाही, आणि सेवीलची साक्ष अर्धवट. दुभाष्याचं काम मात्र परत मिळालं नाही. नाझमिये आता एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी घडी करते. तिथे फार बोलावं लागत नाही.

पण तिने चौकीत तोंड उघडलं नाही ही गोष्ट त्याच संध्याकाळी गल्लीत पोहोचली होती. वेझीरच्या दुकानात बिया सोलता सोलता कोणीतरी म्हणालं, "एक शब्द बोलली नाही म्हणे."

"सहीसुद्धा नाही केली."

वेझीरने पेले विसळून पालथे घातले. बसचा विनोद त्याने त्या दिवशी केला नाही. "म्हणजे," तो म्हणाला, "बाईने काहीतरी केलं असणारच."